मोपेडला बोलावणं आलं

तेव्हा तिथं कोण कोण होतं ते आधी सांगते. मी होते. माझी सून होती. बारडोलीचा साखर कारखान्यातला माणूस होता, ज्याच्याकडून आम्ही मोपेड घेतली तो. कंपनीच्या वर्कशॉपचा फोरमन होता, गुजराती, चष्म्याला दोरी बांधलेली. आणि मोपेड होती. तिलाही धरायला पाहिजे, कारण बोलावणं तिला आलं होतं, आम्ही नुसते तिच्या मागे गेलो होतो. एवढेच. ज्याने तिथं असायला पाहिजे होतं तो मिस्त्री तेवढा नव्हता. तो नव्हता ते माझ्यामुळे.

मी तिसरीपर्यंत शाळेत गेले, ती पण अमळनेरकडच्या खेड्यात. अक्षर येतं, जोडाक्षर आलं की अडकते. घरात आम्ही अहिराणी बोलतो, गल्लीत हिंदी-गुजराती. हे सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहिते, जसं बोलते तसं.

सुरतेला लिंबायतमध्ये आले तेव्हा माझी थोरली पोटात होती. मालक लूमच्या खात्यात कामाला लागले. खातं म्हणजे कारखाना, इकडे तसंच म्हणतात. एका खोलीत आम्ही, आणि बाहेर ओट्यावर माझा स्टोव्ह. मालकांसोबत गावाकडचे सडे, बायको-पोरांविना आलेले लोक कामाला होते, त्यांचे डबे मी करायचे. रॉकेलचा स्टोव्ह दिवसभर पेटलेला. तो तुंबला की सगळ्यांचं जेवण अडायचं. म्हणून स्टोव्हची पिन मी कायम जवळ ठेवायचे, मंगळसूत्रात सेफ्टी पिना असतात ना, त्यांच्यातच ती अडकवलेली. पत्र्याची पट्टी आणि टोकाला केसाएवढी तार. रॉकेल येतं त्या निपलच्या भोकात घालायची, खालीवर करायची, भक्कन ज्योत उभी राहायची. तापीच्या पुरात घरातलं सगळं गेलं, स्टोव्ह पण गेला. पिन गळ्यात होती म्हणून राहिली. थोरली तिसऱ्या वर्षी गेली. मालक पुढे खोकून खोकून गेले. पोरगा लूमवर लागला. मग गॅस आला, पिनेचं काम संपलं. पण सवयीनं मी ती ठेवली. डब्यात सुईदोऱ्यासोबत पडून होती.

आता मोपेडचं.

सून माझी हुशार. लग्न होऊन आली तेव्हा साडीवर टिकल्या चिकटवायची. पाच-सहा वर्षांत तिनं स्वतःच काम आणायला सुरुवात केली. मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे आणायचे, गल्लीतल्या बायकांना वाटायचे, कोणी टिकली लावणार, कोणी लेस, मी बसल्या जागी धागे कापणार, आणि तयार माल परत पोचवायचा. आधी रिक्षानं जायची. रिक्षावाले गठ्ठे बघून तोंड वाकडं करायचे. म्हणून मोपेड घेतली, जुनी, बारडोलीच्या माणसाची. पुढे पाय ठेवायला सपाट जागा असते तिथं दोन गठ्ठे मावतात, मागे कॅरिअरवर दोन. कागद नावावर करायचे राहून गेले. आज करू उद्या करू, असं.

सून मोपेडवर निघाली की गल्लीतल्या म्हाताऱ्या बघत राहायच्या. एकजण मला म्हणाली, "तुझी सून तर माणसासारखी फिरते."

मी म्हटलं, "माणूसच आहे ती."

पहिलं वर्ष चांगलं गेलं. मग मोपेडला पेट्रोलचा वास यायला लागला. उभी केली की खाली ओला ठिपका. कधी चालता चालता बंद पडायची, किक मारून मारून सून घामानं भिजायची. आमचं घर एका खोलीचं. रात्री मोपेड चोरीला जाऊ नये म्हणून उंबऱ्याच्या आत घ्यायची. एका बाजूला गॅस, एका बाजूला साड्या, मध्ये ही. त्या साड्या नायलॉनच्या, ठिणगी पडली तर सुती कापडासारख्या जळत नाहीत, वितळतात आणि चिकटतात. मला वास आला की मी उठून बसायचे. पोरगा म्हणायचा, "काही नाही माय, जुन्या गाडीला वास येतोच." लूमच्या आवाजानं त्याला ऐकायला कमी येतं, आणि मला वाटतं वासही कमीच येतो.

नाक्यावर एक मिस्त्री बसायचा. दुकान नव्हतं, लिंबाच्या झाडाखाली हिरव्या रंगाची लोखंडी पेटी आणि एक गोणपाट. अकोल्याकडचा होता. डाव्या अंगठ्याला नख नाही. पन्नाशीचा असेल. त्याच्या तोंडात एकच शब्द, होऊन जाईल म्हणायला "हून जाते." गाडी मोडून दोन तुकडे घेऊन गेलं तरी म्हणेल, "हून जाते." आमच्या सुनेला त्याच्या बोलण्याचं हसू यायचं. ती त्याला विचारायची, "दादा, कधी हून जाते?" तो म्हणायचा, "ताई, तुमी खान्देशवाले हसता आमाले, पन तुमचं 'काय करी राह्यनी' ऐकून आमी बी हसतोच ना."

तो घरी आला, ओट्यावर मोपेड तिरकी केली आणि कार्बेटर खोलला. मी समोर धागे कापत होते. खालची वाटी निघाली, त्यात पेट्रोल, आणि वर पितळेचं बारीक बोंड, मध्ये भोक.

मी म्हटलं, "अरे, हे तर माझ्या स्टोव्हचं निपल."

तो हसला. "बराबर ओळखलं मावशी. दोघं भाऊच हायेत. यातूनच पेट्रोल जाते वर."

"मग पिन घाल ना. तुंबलं असेल."

"नाही नाही. याले पिन नसते घालाची. भोक मोठं होते मंग. याले फक्त हवा द्याची." आणि त्यानं तोंडानं फुंकर मारून दाखवली, पंपानं हवा मारली, पेट्रोलनं धुतलं, वाटी परत बसवली. हे सगळं त्यानं मला शिकवल्यासारखं सांगितलं. मला कोणी असं काही समजावून सांगत नाही. मला बरं वाटलं होतं.

जाताना तो त्याचा पेचकस ओट्यावर विसरला. लाकडी मुठीचा, मूठ हाताळून काळी झालेली.

चारच दिवसांनी मोपेड परत बंद. त्या दिवशी माल पोचवायचाच होता, मार्केटातल्या शेठचा दोनदा फोन आला होता. मिस्त्री जागेवर नव्हता, त्याच्या गावी कोणीतरी गेलं म्हणून गेला होता. सून चिडून किक मारत होती. मग गठ्ठ्यांसाठी रिक्षा बघायला नाक्यावर गेली.

मी एकटी मोपेडसमोर बसले. पेचकस हातात होता. दोन स्क्रू मी बघितले होते. मी म्हटलं, आयुष्यभर स्टोव्ह साफ केला, याला काय होतंय. वाटी काढली, पेट्रोल ताटलीत सांडून घेतलं. डब्यातून पिन काढली. भोकात घातली, खालीवर केली. पहिल्यांदा जाईना, मग जरा जोर दिला, गेली. दोन-तीन वेळा. वाटी लावली, स्क्रू आवळले. तेवढ्यात सून आली, वैतागून एक किक मारली आणि मोपेड चालू!

"व माय," सून म्हणाली, "हिले काय व्हयनं?"

 मी हसत होते मनातल्या मनात. सून गेली आणि मी पिन डब्यात ठेवायला घेतली तर पिनेला टोक नाही.

ओटा झाडला. ताटली बघितली. फरशीवर हात फिरवला. सुईदोऱ्याच्या डब्यात लोहचुंबक होता, तो सगळीकडे फिरवला, दोन सुया आणि एक टाचणी मिळाली, टोक नाही. मग माझ्या मनात आलं, ते आतच राहिलं असेल. सांगायचं होतं. सून आली की सांगते म्हटलं. सून आली ती खूश होती, शेठ ओरडला नव्हता. मी उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी मोपेड चांगली चालली. तिसऱ्या दिवशीही चालली. म्हटलं, टोक कुठंतरी उडालं असेल.

चौथ्या दिवशी दुपारी सून माल घेऊन आली, बायकांना वाटायला गल्लीतच थांबली, मग परत जायला किक मारली. मी ओट्यावरून बघत होते. भप्प असा आवाज आला, स्टोव्ह भडकतो तसाच. खालून ज्योत आली. सुनेच्या उजव्या पायाशी होता तो गठ्ठा पेटला आणि साडी वितळून तिच्या पोटरीला चिकटली. समोरच्या बाईनं ओलं गोणपाट टाकलं, कोणी वाळू टाकली. सगळं मिनिटात झालं. मी हलले पण नाही. माझ्या हातात कात्री होती, ती तशीच.

पाय बरा व्हायला दोन महिने लागले. डाग अजून आहे, पोळीवर पडतो तसा. सून रडली नाही. ड्रेसिंग काढताना दात खाऊन मला म्हणायची, "आत्या, त्या मिस्त्रीला मी सोडणार नाही."

आणि नाहीच सोडला. मिस्त्री तोवर गावाहून परत आला होता. चालता यायला लागल्याबरोबर ती नाक्यावर गेली आणि त्याला हाताला धरून गल्लीत घेऊन आली. बायका काम टाकून बाहेर आल्या.

"तू आमचा असली कार्बेटर काढून घेतला आणि डुप्लिकेट बसवला," सून म्हणाली. "असली विकून खाल्ला. चोर आहेस तू."

तो म्हणाला, "ताई, मी नुसता साफ केला. देवाची आन."

"मग आग कशी लागली? तू हात लावायच्या आधी कधी लागली होती?"

तो माझ्याकडे वळला. मी ओट्यावर धागे कापत बसले होते. "मावशी, तुमी त समोर होत्या. मी कोनता पार्ट बदलला? सांगा यायले. का माझ्यामागं कोनी हात लावला गाडीले?"

मला सगळं आठवतं त्या वेळचं. साडी अबोली रंगाची होती, काठाला सोनेरी लेस. मी मान खाली घातली आणि धागा कापला. मग दुसरा कापला. तो वाट बघत उभा होता. मला वाटतं त्याला कळलं. कारण तो तसाच वळून गेला, पेचकस पण मागितला नाही. तो पेचकस माझ्या गोधडीखाली होता.

गल्लीत गोष्ट फिरायला वेळ लागत नाही. लोक गाडी दुसरीकडे न्यायला लागले. जाता जाता पोरं ओरडायची, "चाचा, असली का डुप्लिकेट?" पंधरा दिवस तो बसला रिकामा, पेटी पुसत. मग एक दिवस लिंबाखाली काळा तेलाचा डाग तेवढा उरला.

मोपेड ओट्यावर उभी, वर ताडपत्री. तिच्याकडे कोणी बघेना. सून परत रिक्षानं जायला लागली, लंगडत, गठ्ठा कडेवर घेऊन. मला मात्र बूड टेकून बसवेना. धागे कापता कापता काठच कापून बसले एकदा. दळण आणायला जायचे आणि अर्ध्या वाटेतून परत यायचे, वाटायचं घरातून वास येतोय. ताडपत्री उचलून बघायचे, खाली ठिपका आहे का. नाक्यावरून जायची वेळ आली की दुसऱ्या गल्लीतून फिरून जायचे. सून विचारायची, "कथा चालनी व आत्या, तिकडून?" म्हणजे कुठं चाललात. मी म्हणायचे, सावली आहे तिकडून. सावली नव्हती.

मी खूप बघितलंय. पोरगी मातीत ठेवली, मालक ठेवले, पुरात छपरावर दोन दिवस काढले. तेव्हा मी स्वतःला सांगायचे, आपला काही दोष नाही, सोसायचं. या वेळेला ते सांगता येईना.

आगीला पाच महिने झाले आणि बारडोलीच्या माणसाचा फोन आला. पोराच्या मोबाईलवर. पोराला अर्धंच ऐकू आलं. फोन ठेवून म्हणाला, "कंपनीनं मोपेड परत बोलावली आहे. त्याच्या घरी कागद आलाय."

"परत म्हणजे?" सून म्हणाली.

"परत म्हणजे परत. गाडी पाछी बोलावी छे, असं म्हणाला तो."

सून उभी राहिली. "मनी गाडी कोन लई जास ते मी देखस!" म्हणजे माझी गाडी कोण नेतो ते मी बघते. पाच महिने जिला हात लावला नव्हता तिच्यावर ती ताडपत्री नीट खोचायला लागली. गॅसची हंडी सरकवून मोपेड पार आत कोपऱ्यात घेतली. हप्ता थकला की गल्लीत गाड्या खेचून नेणारे येतात ते आम्ही बघितलेले होते. आम्हाला वाटलं तसंच काहीतरी, कागद नावावर नाही म्हणून.

मग तो माणूस स्वतःच आला, कागद घेऊन. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. सुनेनं दार अडवलं.

"गाडी मिळणार नाही, काका. आम्ही विकत घेतली आहे."

तो गोंधळला. "अरे बेन, मेरे को गाडी कहाँ चाहिए? कंपनी उसको ठीक करेगी. फ्री में. कार्बेटर में उसकी खुद की भूल निकली है, तो सबको बुला रही है."

"कंपनी स्वतःहून चूक सांगते?" सून म्हणाली. "फसवतोय का हा, आत्या?"

 मला एवढंच ऐकू आलं की कार्बेटर खोलणार. आत बघणार.

तो म्हणाला गाडी चालू करून आणू नका, कागदात तसं लिहिलंय, पेट्रोल गळतं. म्हणून आम्ही ती ढकलत नेली. सून हँडल धरून, मी मागून कॅरिअरला हात लावून, आणि तो पुढे पुढे फाईल घेऊन, आमचा मुराळी असल्यासारखा. आखाजीला भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो ना, तसा. सून म्हणाली पण, "मोपेडचं माहेरचं बोलावणं आहे आज." पाच महिन्यांत पहिल्यांदा ती हसली. मी ढकलत होते आणि मनात म्हणत होते, वाट लांब होऊ दे. लिंबायतहून उधन्याकडे जाईपर्यंत माझे पाय भरून आले, पण थांबू म्हटलं नाही. थांबले तर परत फिरले असते.

वर्कशॉप म्हणजे काचेचं दुकान पुढे आणि मागे शेड. फोरमन मला म्हणाला, "बा, तमे बेसो ने, पंखा नीचे." मी बसले नाही. मला आत जायचं होतं.

"आत्या, तुमीन बठा बरं," सून म्हणाली.

"मी बघते," मी म्हटलं.

"काय बघणार तुम्ही?"

"बघते."

फोरमननं आधी कार्बेटरवर फडकं फिरवलं, बॅटरी मारली, खोदलेला नंबर वाचला आणि कागदाशी जुळवला. सून लगेच पुढे झाली. "साहेब, हा डुप्लिकेट आहे. आमच्या मिस्त्रीनं बदललेला आहे. नीट बघा."

तो म्हणाला, "ना बेन. ओरिजिनल छे. यही नंबर बुलाया है कंपनी ने." त्यानं तिला दाखवलं, कागदावर बोट आणि लोखंडावर बोट. सुनेनं एक एक आकडा वाचला. परत वाचला. बारडोलीचा माणूस म्हणाला, "मैंने तो असली गाडी दी थी, बेन." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

मग फोरमननं वाटी खोलली. आत एक हलकी डबी तरंगते, ती त्यानं दाखवली. म्हणाला, टाकीत बॉल असतो ना, पाणी भरलं की वर येतो आणि नळ बंद करतो, तसंच हे. फक्त इथं नळ बंद करायला एक बारीक सुई आहे, तिच्या टोकाला रबर. ते रबर कंपनीनं खराब घातलं. पेट्रोलात फुगतं, भोक नीट बंद होत नाही, पेट्रोल वाहत राहतं आणि गरम इंजिनावर पडतं. "इसी से आग लगती है. आपकी अकेली की नहीं लगी."

सून पोटरीवरून हात फिरवत उभी होती.

फोरमननं वाटी पांढऱ्या फडक्यावर पालथी केली. काळा गाळ पडला. त्यानं बोटानं चाचपला आणि काहीतरी उचललं. उजेडात धरलं. केसाएवढं.

"आ शुं छे?"

मला वाटलं होतं ती वेळ आली की मी चक्कर येऊन पडेन. तसं काही झालं नाही. मी म्हटलं, "ते माझं आहे."

तिघं माझ्याकडे बघायला लागले.

"स्टोव्हच्या पिनेचं टोक आहे. मी घातली होती पिन. मिस्त्रीनं साफ केल्यानंतर. त्यानं नको म्हणून सांगितलं होतं."

फोरमन हसला, चांगल्या मनानं हसला. "बा, तमे तो मिकेनिक निकळ्या!" मग त्यानं ते पितळेचं बोंड काढून डोळ्याला लावलं. म्हणाला, भोक मोठं झालंय, गाडी पेट्रोल जास्त पीत असेल, पण आग याच्यानं नाही लागली. आणि आता पूर्ण कार्बेटरच नवा बसणार, तेव्हा सोडा. आणखी एक बोलला. "पहले जिसने साफ किया, उसका हाथ अच्छा है. वॉशर नया डाला है, देखो. कंपनी का असली." त्या वॉशरबद्दल मिस्त्रीनं आम्हाला सांगितलं नव्हतं, मागितलंही काही नव्हतं.

सून म्हणाली, "आत्या, तो गल्लीत उभा राहून तुम्हाला विचारत होता."

"हो."

"तुम्ही धागे कापत होतात."

"हो."

"मी त्याला चोर म्हणत होते आणि तुम्ही धागे कापत होतात."

मी म्हटलं, "मला वाटलं माझ्या पिनेनं तुझा पाय जळला. तू मला घरात ठेवशील का, ते वाटलं."

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिनं तोंड फिरवलं आणि नवा कार्बेटर बसेपर्यंत ती शेडच्या दारात जाऊन उभी राहिली. जळालेली वायर पण त्यांनी बदलून दिली. जुना कार्बेटर त्यांनी ठेवून घेतला, कंपनीला परत पाठवायचा असतो म्हणे. मी पिनेचं टोक मागून घेतलं. फोरमननं ते कागदात बांधून दिलं, देवळातला अंगारा देतात तशी पुडी.

येताना मोपेड पहिल्या किकला चालू झाली. वास नाही, काही नाही. मी मागे बसले.  मग नाक्यावर लिंबाखाली तिनं गाडी थांबवली. "उतरा," म्हणाली. मी उतरले. ती त्या तेलाच्या डागाकडे बघत राहिली. समोर इस्त्रीवाला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "वो तो कामरेज की तरफ गया. हाईवे पे कोई पंक्चरवाला उसका रिश्तेदार है."

त्याच संध्याकाळी पाण्याच्या वेळेला सगळ्या बायका नळाला होत्या. मी माझ्या ओट्यावर उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं. पिन मी घातली, मिस्त्री चोर नव्हता, गाडीचा पार्ट कंपनीनंच खराब दिला होता. हंडे भरण्याच्या आवाजात निम्म्या बायकांना ऐकू आलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत सांगितलं. एकजण म्हणाली, "आता सांगून काय उपयोग, म्हातारे?"  बरोबर बोलली ती.

पुढच्या सुट्टीला आम्ही दोघी कामरेजला गेलो. मोपेडवरच. हायवेला मोठे ट्रक बाजूनं गेले की मोपेड थरथरते, मी सुनेच्या कमरेला घट्ट धरलं होतं. ती म्हणाली, "आत्या, इतकं आवळू नका, श्वास घेऊ द्या." वर्कशॉपातल्या त्या दिवसानंतर तिनं मला आत्या म्हटलं ते तेव्हाच पहिल्यांदा.

प्रत्येक पंक्चरच्या दुकानासमोर आम्ही थांबलो. सून खाली उतरायची आणि अंगठ्याला नख नसलेला अकोल्याकडचा मिस्त्री आहे का, विचारायची. मग स्वतःहून म्हणायची, "मी त्याला चोर म्हटलं होतं, तो चोर नव्हता." लोक बघायचे, ही बाई काय सांगते. एका दुकानात एक म्हातारा म्हणाला, होता असा एक, महिनाभर होता, "हून जाते, हून जाते" करायचा. मग बारडोलीकडे गेला का नवसारीकडे, त्याला माहीत नव्हतं. उसाच्या गाड्यांच्या हंगामात काम मिळतं म्हणून गेला असेल, म्हणाला. बारडोलीच्या त्या माणसालाही आम्ही सांगून ठेवलंय. त्यानं कारखान्याच्या फाटकावर विचारलं. कोणाला माहीत नाही.

सूनही आता जुनं काढत नाही. काम वाढलंय, मोपेडवर माल जातो-येतो. माझे हात अजून धागे कापतात, पण कोणी दारात उभं राहून काही विचारलं की माझी कात्री थांबते. मी लगेच मान वर करते.

नव्या गाड्यांना कार्बेटर नसतोच म्हणतात. तरी जुन्या गाड्या आहेत आणि जुने मिस्त्रीही आहेत. म्हणून हे लिहिलं. तुम्ही कोणीही असा, सुरतेचे असा, बारडोलीचे, नवसारीचे, अकोल्याकडचे असा, तुम्हाला जर हिरव्या पेटीचा, डाव्या अंगठ्याला नख नसलेला, "हून जाते" म्हणणारा मिस्त्री भेटला, तर त्याला एवढं सांगा. कार्बेटर असलीच होता, नंबर जुळला. पिन मावशीनं घातली होती. आणि त्याचा लाकडी मुठीचा पेचकस लिंबायतला आमच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेला आहे, येऊन घेऊन जा म्हणावं.